वाचकांचे प्रश्न: ज्वारी गेली, सोयाबीन आलं, पुढे?

लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या पीकबदलावर मागच्या अंकात लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या गावात 1990 च्या आसपासपर्यंत खरिपात हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद असायचं. आता मारुतीच्या देवळापासून शिवेपर्यंत सोयाबीनच. शेतकऱ्याने पैशाच्या नादाने ज्वारी सोडली, असं जाणकार म्हणतात. हे खरं आहे का? – एक वाचक, औसा

नाद नव्हता, हिशेब होता. 1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. मग सीएसएच-5, सीएसएच-9 आले आणि उतारा वाढला. पण ही ज्वारी दाण्यात येते नेमकी परतीच्या पावसात. कणीस भिजलं की बुरशी धरते, दाणा काळा पडतो आणि काळ्या ज्वारीला अडतीवर कुणी विचारत नाही. त्यातच रेशनचा गहू घरोघरी आला आणि भाकरीची जागा चपातीने घेतली. म्हणजे जोखीम वाढत गेली आणि गिऱ्हाईक कमी होत गेलं.

त्याच सुमारास जेएस-335 हा सोयाबीनचा वाण 1994 मध्ये आला. पंचाण्णव ते शंभर दिवसांचं पीक. मृगात पेरा, दसऱ्याच्या आसपास काढा, त्याच रानात हरभरा टाका. ज्वारीला कापणी, कणसं खुडणं, मळणी, कडब्याच्या पेंढ्या बांधणं असे हात किती लागतात ते तुम्हाला माहीतच आहे. सोयाबीनला तणनाशकाची एक फवारणी, एक-दोन कोळपण्या, गुत्तं (ठरावीक रकमेचा ठेका) देऊन कापणी आणि मळणीयंत्र. मजूर मिळेनासे झाले त्या काळात हे पीक आलं, म्हणून ते इतक्या झपाट्याने पसरलं. शिवाय लातुरात तेल काढणारे कारखाने उभे होते आणि माल घातला की पट्टी हातात पडत होती.

पण या हिशेबात कडबा धरलाच गेला नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा नाही म्हणून जनावरं विकली, जनावरं नाहीत म्हणून शेणखत नाही आणि बैल नाहीत म्हणून पेरणीपासून मळणीपर्यंत प्रत्येक कामाला ट्रॅक्टर रोखीने. सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) जनावर नुसती खात नाही, बरीचशी बांधावरच पेटवली जाते. पूर्वी जे शेतातून गोठ्यात आणि गोठ्यातून शेतात फिरायचं, ते आता बाजारातून येतं. पैसा येतो एकदा, ऑक्टोबरात. जातो मात्र बारा महिने. आणि 2024 च्या खरिपात राज्यात सुमारे 50 लाख हेक्टरवर हेच एक पीक होतं, तेव्हा भाव पडला की एकाच वेळी सगळ्यांचा पडतो.

तेव्हा खरिपाची ज्वारी सोडली ही चूक नव्हती. सगळं रान एकाच पिकाला दिलं, ती चूक झाली. सोयाबीनच्या चार ओळी, तुरीच्या दोन, हा पट्टा धरा. तूर बदनापूरच्या बीडीएन-711 सारखी, दीडशे-एकशेसाठ दिवसांत येणारी घ्या. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. अशा वर्षी शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन मार खातं. तूर त्या वेळी वाढीच्या अवस्थेत असते आणि पुढच्या पावसावर सावरू शकते.

मग एक एकर रब्बी ज्वारी करावी का? – तेच वाचक

दारात दोन किंवा जास्त दुभती जनावरं असतील तर करा, नसतील तर नको. मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाचा हमीभाव 2024-25 ला क्विंटलला 3,421 रुपये होता. नुसत्या दाण्यावर सुगीची मजुरी निघणं कठीण, नफा आहे तो कडब्यात. भारी, खोल काळं रान निवडा. खरिपात ते मोकळं ठेवा, फार तर मूग घ्या. सोयाबीन काढून लगेच ज्वारी पेरली तर वरची ओल आधीच गेलेली असते आणि ताटं गुडघ्याएवढीच राहतात. पेरा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बियाणं एकरी चार किलो, काणी हा कणसाचा रोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम बारीक गंधक चोळून. सुगीला माणसं कोण आणणार, हे मात्र पेरणीआधीच ठरवा.

खाद्यतेल महागलं तरी सोयाबीनचा भाव हमीभावाखाली कसा? व्यापारी मिळून पाडतात असं वाटतं. – एक वाचक, वाशीम

व्यापाऱ्यांची मिलीभगत कधी नसते असं कोण म्हणेल? पण इथलं मुख्य कारण वेगळं आहे. सोयाबीन हे नावाला तेलबी आहे. शंभर किलोत तेल निघतं सुमारे अठरा किलो, पेंड निघते ऐंशी-ब्याऐंशी किलो. कारखान्याची भाव द्यायची ताकद म्हणूनच पेंडेवर जास्त अवलंबून असते.

गणित असं मांडा. समजा तेल किलोला 120 रुपये आणि पेंड 32 रुपये आहे. अठरा किलो तेलाचे 2,160 आणि ऐंशी किलो पेंडीचे 2,560, एकूण 4,720. त्यातून गाळप, वाहतूक, अडत मिळून अडीचशे रुपये धरले तर कारखाना 4,470 च्या वर जाऊ शकत नाही. आता तेल दहा रुपयांनी महागलं तर क्विंटलला 180 रुपये वाढतात. पेंड पाच रुपयांनी उतरली तर 400 रुपये घटतात. पेंडीचं गिऱ्हाईक म्हणजे कोंबडीखाद्य आणि निर्यात. मक्या-तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात जाऊ लागला, तेव्हापासून सोयापेंडीला घरातच स्पर्धक झाला आहे.

सरकारी निर्णयही याच दोन टोकांवर चालतात. ऑगस्ट 2021 मध्ये भाव दहा हजारांच्या आसपास गेले, तेव्हा 12 लाख टन पेंड आयातीला परवानगी मिळाली. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क 20 टक्के केलं आणि मे 2025 अखेर ते 10 वर आणलं. म्हणून बातम्यांत तेलाचा भाव पाहून माल धरून ठेवू नका. पेंडीचा भाव विचारा. अडत्याला तो माहीत असतो, आपण विचारत नाही एवढंच.

ओलावा जास्त म्हणून क्विंटलमागे सहा-आठ किलो कापतात. किती कापणं रास्त? – एक वाचिका, हिंगोली

प्रमाण 12 टक्के ओलाव्याचं आहे. समजा तुमच्या मालात 16 टक्के ओल आहे. शंभर किलोत कोरडा माल 84 किलो. तोच माल 12 टक्क्यांवर आणला तर वजन भरतं 84 भागिले 0.88, म्हणजे साडेपंच्याण्णव किलोच्या आतबाहेर. रास्त घट साडेचार किलो. दर वाढीव टक्क्याला सव्वा किलोच्याही आत, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. आठ किलो कापले तर साडेतीन किलो जास्तीचे गेले. वीस क्विंटलला सत्तर किलो, 4,200 च्या भावाने 2,940 रुपये. ताडपत्री घेतली तरी पैसे उरतील.

ताडपत्रीवर दोन-तीन इंचांपेक्षा जाड थर देऊ नका आणि दिवसातून तीन-चार वेळा पाय फिरवा. भिजलेली बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) मळायची घाई नको, कारण ओला दाणा यंत्रात चेंबतो आणि मग ओलाव्याबरोबर डागीचीही कपात लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली होती, पण ती त्या हंगामापुरती. दरवर्षी धरून चालू नका.

शेतमाल तारण योजनेत माल ठेवला तर फायदा होतो का? – दोन पत्रं, लातूर आणि परळी

फायदा होतो, पण भाव वाढेल या आशेवर ठेवलात तर नाही. कृषी पणन मंडळाची ही योजना 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीनला मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, मुदत 180 दिवस, व्याज वर्षाला 6 टक्के. माल स्वतःचा, वाळवलेला, चाळलेला हवा. सातबारा, आधार, पासबुक बरोबर न्या. व्यापाऱ्याचा माल यात चालत नाही.

वीस क्विंटल, भाव 4,200, तर किंमत 84,000. कर्ज 63,000. सहा महिन्यांचं व्याज 1,890, म्हणजे क्विंटलला पंच्याण्णव रुपये. हेच 63,000 सावकाराकडून महिना शेकडा तीनने घेतले तर सहा महिन्यांत 11,340 रुपये व्याज. योजनेचा खरा फायदा या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. दिवाळीचा खर्च, हरभऱ्याचं बियाणं, मुलांच्या क्लासची फी यांसाठी हातात पैसा हवा आणि त्यापायी पडेल भावात माल घालायचा नाही, एवढ्यासाठी ही योजना वापरा.

भाव वाढतोच असं नाही. 2023-24 च्या हंगामात दिवाळीला जो भाव होता, तो फेब्रुवारी-मार्चला खाली आला. ज्यांनी माल धरला त्यांना व्याजही पडलं आणि भावही. म्हणून सगळा माल एकदम ठेवू नका. एक हिस्सा सुगीत, एक तारणात आणि हमीभावाचं केंद्र सुरू असेल तर एक तिथे.

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवतो, पण दोन वर्षं उगवलंच नाही. कंपनीची बॅग घ्यावी का? – एक वाचक, निलंगा

आधी घरचं का बिघडलं ते पाहू. सोयाबीनचं टरफल पातळ आणि अंकुर त्याच्या अगदी लगत असतो. पोतं डोक्यावरून आदळलं की अंकुर मोडतो, दाणा वरून मात्र अखंड दिसतो. निम्म्या तक्रारींचं मूळ मळणीत असतं. बियाण्यासाठी मळताना यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400 च्या वर नकोत, आणि ट्रॅक्टरवाल्याला तर तास संपवायची घाई असते. समोर उभं राहून करून घ्या. प्लॉट निवडताना भेसळीची झाडं फुलोऱ्यातच उपटा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, चार-पाच थरांच्या आत. प्लास्टिकच्या पोत्यात बियाणं गुदमरतं, तागाचं वापरा.

मे महिन्यात उगवण तपासा. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ घ्या आणि मिसळा. गोणपाट पाण्यात भिजवून निथळा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे बोटभर अंतराने मांडा. दुसरं ओलं गोणपाट वर घाला, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून फक्त धडधाकट कोंब मोजा. वाकडे, तुटके, बुरशीचे सोडा. असं तीनदा करून सरासरी काढा. दाणे निवडून-पाखडून ठेवू नका. घरोघरी हीच फसवणूक होते: चांगले दाणे वेचून नव्वद टक्के उगवण काढायची आणि पेरायचं पोतं तसंच.

सत्तर टक्के आले तर एकरी तीस किलो. त्याखाली उगवण एकेक टक्का घटेल तसं अर्धा-अर्धा किलो वाढवा, साठ टक्क्यांना पस्तीस किलो. साठच्या खाली असेल तर ते बियाणं तेलाला द्या. पेरणीआधी बुरशीनाशक चोळा (कार्बोक्सिन-थायरम मिश्रण किलोला तीन ग्रॅम), ते सुकल्यावर रायझोबियम हे जिवाणू खत, मग सावलीत वाळवा. क्रम उलटा केला तर जिवाणू मरतात. किमान 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा आणि तीन-चार सेंटिमीटरच्या खाली बी जाऊ देऊ नका. खोल गेलेलं बी पावसानंतर जमिनीवर धरलेली पापडी फोडू शकत नाही, आणि नाव बियाण्याचं होतं.

बॅग दर तीन वर्षांनी घ्या, प्रमाणित घ्या. पावती, खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर त्याशिवाय कुणी ऐकत नाही.

आमच्या उत्पादक कंपनीत चारशे सभासद आहेत. सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना टाकायचा विचार आहे. सल्ला द्या. – संचालक मंडळ, धाराशिव जिल्हा

तेलाच्या नादाला लागू नका, असंच सांगावं लागेल. दाबयंत्राने काढलं तर पेंडीत सहा-सात टक्के तेल राहतं, म्हणजे अठरातलं तिसरा हिस्सा तेल पेंडीबरोबर जातं. रसायनाने पूर्ण तेल काढणारे कारखाने दिवसाला शेकडो टन माल मागतात. चारशे सभासदांचा सगळा माल त्यांच्या तोंडी फार थोडे दिवस पुरेल. वर सोयाबीनची पेंड नीट भाजल्याशिवाय कोंबडीला चालत नाही, तिच्यातला पचन अडवणारा घटक उष्णतेनेच जातो. ती भट्टी वेगळी, तिचा खर्च वेगळा.

त्यापेक्षा आपल्या हातात असलेलं करा. पहिलं, बीजोत्पादन. पैदासकार किंवा पायाभूत बियाणं परभणीच्या विद्यापीठातून किंवा महाबीज या राज्य बियाणे महामंडळाकडून घ्या. अकोल्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे वेळेत नोंदणी करा. सोयाबीन स्वपरागी आहे, त्यामुळे दोन वाणांत तीन मीटर अंतर पुरतं, हे लहान तुकडेवाल्यांच्या सोयीचं आहे. उगवण किमान 70 टक्के, शुद्धता 98 टक्के. यंत्राने कापायचं रान असेल तर एमएयूएस-162 पाहा, त्याच्या शेंगा जमिनीपासून वर लागतात. दुसरं, चाळणी-प्रतवारी आणि एक ओलावामापक. वरचं कपातीचं गणित सभासदांना तिथेच दाखवता येतं. तिसरं, तुरीची डाळ. लहान डाळमिलला दिवसाला काही क्विंटलच लागतात, गावात गिऱ्हाईक आहे आणि चुनी जनावरांना जाते. कारखान्याचा अहवाल लिहून देणारे सल्लागार पुष्कळ भेटतील. कच्चा माल वर्षातले किती दिवस पुरेल, हा एकच प्रश्न त्यांना विचारा.

मी सहा एकर बटईने (वाट्याने) करतो. मालक पुण्याला. विमा, अनुदान त्याच्या खात्यावर जातं. माझ्या हाती काय? – एक वाचक, अहमदपूर

कायद्याने फार थोडं, हे आधी स्पष्ट सांगतो. मालक लिहून द्यायला घाबरतो कारण मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आहे. नाव लागलं की जमीन गेली, ही भीती घराघरात आहे. म्हणून सगळं तोंडी. आणि तोंडी आहे म्हणून पीककर्ज नाही. विम्यालाही नोंदणीकृत भाडेकरार मागतात.

व्यवहारात तीन गोष्टी करता येतात. ई-पीक पाहणीचा (मोबाइलवरून पीक नोंदवण्याचा) फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. पुण्यात बसून मालकाला ते जमत नाही, तुम्हालाच करायचं आहे. ती नोंद नसेल तर हमीभाव केंद्रावर नाव लागत नाही आणि विम्यालाही अडचण येते. तेव्हा हीच तुमची बोलणीतली बाजू. दुसरं, पाडव्याला बटई ठरवताना खर्चाचा वाटा, मालाचा वाटा आणि भरपाई आली तर तिचा वाटा दोन साक्षीदारांसमोर ठरवा. बियाणं-खत ज्याचं, नुकसानभरपाईत त्याचा तेवढा हिस्सा, हे सूत्र बहुतेक मालक मान्य करतात. एक रुपयाचा विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. हप्ता आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के आहे, तो कोण भरणार तेही त्याच बैठकीत ठरवा. तिसरं, चार ते दहा जणांचा, एकमेकांच्या कर्जाची हमी घेणारा संयुक्त देयता गट केला तर जमीन तारण न ठेवता बँक कर्ज देऊ शकते. शाखाधिकारी टाळाटाळ करतात, पण तरतूद आहे.

तीन एकर जमीन, दोन मुलं चाकणला कंपनीत, एक घरी. शेती विकून मोकळं व्हावं का? – एक वाचिका, उदगीर

राज्यात 1970-71 ला सरासरी खातं (एका खातेदाराची जमीन) 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 ला 1.34 हेक्टरवर आलं. म्हणजे तुमचं खातं सरासरीच्या जवळपासच आहे. राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण आठवा हिस्सा, पण 2011 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त कामकरी माणसं शेतीतच होती आणि त्यांत शेतमजूर शेतकऱ्यांपेक्षा जास्त. माणसं जमिनीच्या मालकीतून सुटली, शेतीतून नाही. देशात शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, 2023-24 मध्ये 46.1. कारखान्यातलं काम सुटलं की माणूस गावाकडेच येतो, हे टाळेबंदीत सगळ्यांनी पाहिलं.

मुलांची नोकरी कायम आहे की कंत्राटी, यावर उत्तर ठरेल. कंत्राटी असेल तर जमीन विकू नका, ती त्यांची परतीची वाट आहे. घरी असलेल्या मुलाला ती बटईने द्या आणि आताच संमतीने वाटप करून घ्या, तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली. मुली असतील तर त्यांचाही हिस्सा धरा, तो कायद्यानेच आहे. जिरायतीला तुकड्याची मर्यादा 20 गुंठ्यांची आहे, त्याहून लहान वाटा पाडता येत नाही. तीन एकरांचे चाळीस-चाळीस गुंठ्यांचे तीन वाटे बसतात, पण पुढे एकेका वाट्याचे नातवंडांत दोनाहून जास्त तुकडे बसणार नाहीत.